पॅटर्न कुणाच्या ताब्यात? ‘मोफत ऑफिस मोठ्या कंपनीत चालत नाही’ या मेसेजला उत्तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या उद्योजकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो एकाच दिवशी चार जणांनी पाठवला, त्यातल्या दोघांनी खाली ‘खरं आहे का हे?’ असं विचारलंय. मजकूर थोडक्यात असा:

‘लिब्रेऑफिससारखं फुकटचं सॉफ्टवेअर दहा कॉम्प्युटरच्या वर्कशॉपला ठीक आहे, मोठ्या कंपनीत नको. बिघडलं तर जबाबदार कुणी नाही. कस्टमरच्या एक्सेल फाइली मोडतात. कोड सगळ्यांना उघडा, म्हणून सुरक्षित नाही. जर्मनीतल्या म्युनिक शहरानं दहा वर्षं प्रयोग केला आणि शेवटी मायक्रोसॉफ्टकडं परत गेलं. लायसन्सचे जेवढे वाचतात त्यापेक्षा जास्त पैसे माणसं शिकवण्यात जातात. मराठी तर त्यात चालतच नाही.’

मी कास्टिंगच्या एका उद्योगसमूहात सिस्टिमचं काम बघतो. तीन प्लँट, चारशेच्या आसपास कॉम्प्युटर. आम्ही बहुतेक टेबलांवर लिब्रेऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलची कामं करणारं मोफत सॉफ्टवेअर, आणलंय, त्यात चुकाही केल्यात. म्हणून एकेक मुद्दा घेऊन सांगतो.

‘बिघडलं तर जबाबदार कुणी नाही’

विकत घेतलेल्या ऑफिसचा करार एकदा काढून वाचा. इन्स्टॉल करताना आपण ‘मान्य’ म्हणून पुढं जातो तोच. फाइल खराब झाली, डिस्पॅच अडकला, कस्टमरनं डेबिट नोट टाकली, तर भरपाई किती? फार तर तुम्ही सॉफ्टवेअरसाठी भरलेल्या रकमेइतकी. ज्या जबाबदारीच्या भरवशावर आपण पैसे मोजतो ती कागदावर एवढीच आहे.

मदत करणारं कुणी नाही, हेही चूक. लिब्रेऑफिस सांभाळणारी द डॉक्युमेंट फाउंडेशन ही बर्लिनची संस्था स्वतः सपोर्ट विकत नाही, पण कोलॅबोरासारख्या कंपन्या विकतात. मोठ्या कंपनीनं असा करार करावा असं माझं स्पष्ट मत आहे. सॉफ्टवेअर मोफत आहे म्हणून सांभाळणंही मोफत होईल, या समजुतीनंच बहुतेकांचं बिनसतं.

शिवाय या सॉफ्टवेअरचा इतिहास बघा. मुळात हे स्टारऑफिस, एका जर्मन कंपनीचं. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सनं ते घेतलं, २००० मध्ये कोड खुला केला, म्हणजे कुणालाही बघता-बदलता येईल असा, त्यातून ओपनऑफिस आलं. २०१० मध्ये सन कंपनीच ओरॅकलनं घेतली. तेव्हा काम करणाऱ्यांना भवितव्याची काळजी वाटली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते कोड घेऊन वेगळे झाले. तेच लिब्रेऑफिस. मालक दोनदा बदलला, तरी वापरणाऱ्याचं काम थांबलं नाही. बंद कोडच्या सॉफ्टवेअरचा मालक उद्या म्हणाला ‘हे आता बंद’, तर आपल्या हातात काय उरतं?

इथंच एक सावधगिरी. नाव ओळखीचं म्हणून आपल्याकडं अजून बरेच जण ओपनऑफिसच उतरवून घेतात. त्याची शेवटची मोठी आवृत्ती, ४.१, २०१४ ची आहे. त्यानंतर फक्त किरकोळ दुरुस्त्या. ते वापरून ‘मोफत ऑफिस बेकार’ असा निकाल देऊ नका. लिब्रेऑफिसच्या वर्षाला दोन मोठ्या आवृत्त्या येतात.

‘कस्टमरच्या एक्सेल फाइली मोडतात’

हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि यात अर्धं खरं आहे. म्हणून इथं जरा थांबतो.

साध्या फाइली मोडत नाहीत. कोटेशन, हजेरी, स्टॉक, इन्स्पेक्शन रिपोर्ट, पिव्होट टेबल हे सगळं चालतं. ओळींची मर्यादाही दोन्हीकडं सारखीच आहे, १०,४८,५७६. लोक ज्याला ‘मोडली’ म्हणतात ते बहुतेक वेळा फाँटचं प्रकरण असतं. फाइल कॅलिब्रीत केलेली असते, आपल्या मशीनवर कॅलिब्री नसतो, मग दुसराच फाँट बसतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि एका पानाचा रिपोर्ट दीड पानावर जातो. कॅलिब्रीच्या जागी बसणारा, अगदी त्याच रुंदीचा कार्लिटो नावाचा मोफत फाँट आहे. कॅम्ब्रियासाठी कॅलाडिया, एरियल आणि टाइम्ससाठी लिबरेशन. प्रत्येक मशीनवर हे फाँट आहेत याची खात्री केली आणि आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी तिथंच संपल्या.

आता मॅक्रो, म्हणजे बटण दाबलं की ठरलेलं काम आपोआप करणारा शीटमधला छोटा प्रोग्राम. इथं मेसेज बरोबर आहे. एक्सेलच्या व्हीबीए भाषेत लिहिलेले मॅक्रो लिब्रेऑफिसमध्ये काही चालतात, काही चालत नाहीत. बदल केल्यावर पहिल्याच सोमवारी आमच्या डिस्पॅचच्या मामांचा फोन आला. ‘साहेब, शीट हाय तशी हाय, पन चलनाचं बटण दाबलं की लाल काहीतरी येतंय. गाडी दारात उभी हाय.’ मी पळत गेलो. त्या शीटमध्ये पार्ट नंबर, हीट नंबर (कुठल्या वितळणीतला माल तो नंबर), नग, वजन भरायचं आणि बटण दाबलं की तीन प्रतींत चलन छापून यायचं. हा मॅक्रो कुणी लिहिला? कंपनी सोडून गेलेल्या एका पोरानं, कित्येक वर्षांपूर्वी. आत नेमकं काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं. त्या दिवशी जुन्या मशीनवर चलन काढून गाडी सोडली. पण रात्री झोप लागली नाही, कारण चूक माझी होती. आधी यादी करायला हवी होती.

मग केली. सगळ्या शेअर फोल्डरमधल्या मॅक्रोवाल्या फाइली शोधल्या. शेकडो निघाल्या. पण त्यात एकाच फाइलीच्या दर महिन्याला केलेल्या प्रतीच जास्त. खरोखर वेगळे, आजही वापरात असलेले मॅक्रो वीस-पंचवीस. त्यातले काही जसेच्या तसे चालले, काही नव्यानं लिहिले, आणि मामांचं चलन ईआरपीमध्ये, म्हणजे कंपनीचा सगळा व्यवहार सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, नेलं, जिथं ते आधीपासूनच असायला हवं होतं.

एवढं करूनही जे राहतं ते राहतं. जीएसटीच्या वार्षिक रिटर्नची, जीएसटीआर-९ ची, ऑफलाइन फाइल एक्सेलच्या मॅक्रोवर चालते, अकाउंट्सला एक्सेल लागतंच. पॉवर क्वेरी या एक्सेलच्या डेटा गोळा करणाऱ्या सोयीवर बसवलेले व्यवस्थापनाचे (एमआयएस) रिपोर्ट कॅल्कमध्ये, म्हणजे लिब्रेऑफिसच्या ‘एक्सेल’मध्ये, होत नाहीत. अशा टेबलांवर आम्ही विकतचं ऑफिस ठेवलं. सगळ्या चारशे जणांना एक्सेल लागत नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

पण या मुद्द्याचा खरा गाभा पुढं आहे, आणि तो फाउंड्रीच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही. पॅटर्न, म्हणजे ज्यावरून ओतकामाचा साचा करतात तो नमुना, कुणाचा असतो? कस्टमरचा. तो आपल्या शेडमध्ये ठेवलेला असतो, त्याची देखभाल आपण करतो, पण कस्टमरनं उद्या दुसऱ्या फाउंड्रीत न्यायचा ठरवला तर टेम्पो लावून घेऊन जातो. पॅटर्न हातात आहे म्हणून त्याला दुसरीकडं ओतकाम करून घेता येतं. पॅटर्न दुसऱ्याच्या ताब्यात अडकला, तर दर तो म्हणेल तो.

फाइलीचा फॉरमॅट म्हणजे हाच पॅटर्न. लिब्रेऑफिसचा ओडीएफ हा खुला फॉरमॅट २००६ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेचं मानक झाला. मायक्रोसॉफ्टचा ओओएक्सएमएल, म्हणजे आजच्या वर्ड-एक्सेल फाइलींचा फॉरमॅट, २००८ मध्ये झाला, हजारो पानांचं मानक. त्या मतदानात भारतानं विरोधात मत दिलं होतं, हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत असतं. आजची एक्सएलएसएक्स फाइलही कागदोपत्री खुलीच आहे, ते मी नाकारत नाही. पण कुठलीही ओडीएस फाइल (ओडीएफमधली शीट) घ्या, तिच्या नावाचं ‘.ods’ हे शेपूट बदलून ‘.zip’ करा आणि उघडा. आत कंटेंट नावाची एक फाइल सापडेल आणि तीत आपले पार्ट नंबर, वजनं साध्या अक्षरांत दिसतील. वीस वर्षांनी कुठलंच ऑफिस शिल्लक नसलं, तरी कुणीतरी ते वाचू शकेल. आणि ओडीएफ पाठवलं तर कस्टमरला उघडत नाही, हेही जुनं झालं. एक्सेल आणि वर्ड २००९ पासून ओडीएफ उघडतात.

‘कोड उघडा, म्हणून सुरक्षित नाही’

थोडक्यात सांगतो. खुल्या कोडमध्ये चुका सापडतात. २०१४ मधलं हार्टब्लीड, २०२१ मधलं लॉगफोरशेल ही मोठी उदाहरणं. बंद कोडमध्येही सापडतात. १९९९ मध्ये वर्डच्या मॅक्रोतून पसरलेला मेलिसा व्हायरस आठवा, २०२२ मध्ये वर्डच्या फाइलीतून विंडोजमध्ये शिरणारं फोलिना आठवा. चूक कळल्यावर दुरुस्ती किती लवकर येते आणि आपण ती किती लवकर टाकतो, सुरक्षा यावर ठरते.

आपल्या भागातला खरा धोका वेगळाच आहे, तो म्हणजे क्रॅक केलेलं ऑफिस. ते चालवणाऱ्या मशीनवर त्या क्रॅकबरोबर काय आलंय हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे, माहीत असून बेकायदा प्रत वापरली तर किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. ज्यांना लायसन्स परवडत नाही त्यांनी चोरी करण्यापेक्षा लिब्रेऑफिस घ्यावं, हे मी हात जोडून सांगतो.

‘म्युनिक परत गेलं’

गेलं, खरं आहे. पण काय झालं ते पूर्ण सांगा. म्युनिकनं नुसतं ऑफिस बदललं नव्हतं, विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही खुल्या कोडची ऑपरेटिंग सिस्टिम आणली होती. २००३ मध्ये ठरलं, २०१३ पर्यंत जवळपास १५,००० कॉम्प्युटर बदलून झाले. २०१४ मध्ये महापौर बदलले आणि २०१७ मध्ये नगरपरिषदेनं विंडोजकडं परतायचा निर्णय घेतला. त्यात राजकारण किती आणि तांत्रिक अडचण किती यावर तिथं अजून वाद आहे. मेसेजमध्ये मात्र तो ऑफिस सॉफ्टवेअरचा पराभव म्हणून येतो. इंजिन आणि सीट कव्हर एकदम बदलून गाडी दुरुस्तीला गेली, तर दोष सीट कव्हरला देत नाहीत.

फ्रान्सच्या जाँदार्मेरी या पोलिस दलानं क्रम उलटा ठेवला. २००५ च्या सुमारास आधी ओपनऑफिस, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि ईमेलसाठी थंडरबर्ड, आणि लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून लिनक्स. आज तिथं ७०,००० च्या वर कॉम्प्युटर त्यावर चालतात. जर्मनीच्याच श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानं २०२४ मध्ये ३०,००० कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस आणायचं जाहीर केलं. म्युनिकची गोष्ट सांगताना हे गाळणं बरोबर नाही.

खरं तर मेसेज लिहिणाऱ्यानं जर्मनीतल्याच फ्रायबुर्ग शहराचं नाव घ्यायला हवं होतं. तिथं फक्त ऑफिसच बदललं होतं आणि २०१२ मध्ये तिथल्या परिषदेनं मायक्रोसॉफ्ट ऑफिसकडं परतायचं ठरवलं. मी ते प्रकरण आमच्या संचालकांसमोर स्वतःहून मांडलं होतं. तिथं ओपनऑफिसची जुनी आवृत्ती तशीच पडून राहिली आणि जुनं मायक्रोसॉफ्ट ऑफिसही बाजूला चालूच राहिलं. एकच फाइल सकाळी यात, दुपारी त्यात. अशानं कुठलीही फाइल मोडेल. म्हणून आमच्याकडं एक्सेल कुठल्या टेबलावर राहणार हे कामावरून ठरलं. कुणाचा हुद्दा मोठा आणि कुणाची सवय जुनी, यावर नाही. एका जनरल मॅनेजरना ते आवडलं नाही. संचालक ठाम राहिले म्हणून निभावलं.

‘शिकवण्यात जास्त पैसे जातात’

शिकवण्यात पैसे जातात, जायलाच हवेत. वाचलेल्या रकमेतला मोठा वाटा पहिल्या वर्षी त्यासाठीच ठेवा. पण हा खर्च एकदाच होतो आणि लायसन्सचा पुन्हा पुन्हा येतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला एकाच दिवशी संपला. विकत घेऊनही पुन्हा विकत घ्यायची वेळ आलीच. २००७ मध्ये एक्सेलचे मेनू जाऊन रिबन (वरची बटणांची पट्टी) आलं, तेव्हाही सगळे नव्यानं शिकलेच होते, आणि त्या खर्चाचा हिशेब कुणी मांडला नाही.

शिकवताना एक गोष्ट उशिरा कळली. वर्गात बसवून पडद्यावर दाखवून काही होत नाही. ज्याची शीट त्याच्याच टेबलावर, त्याच्याच शीटवर बसून अर्धा तास दिला की काम होतं. शिकवणारा आयटीचा नको, त्याच खात्यातला हवा. मेल्टिंगच्या टाइम ऑफिसातल्या ताईंनी दोन पाळ्यांतल्या सगळ्यांना असं शिकवलं. लोक मला जे विचारायला लाजत होते ते त्यांना बिनदिक्कत विचारत होते.

‘मराठी चालतच नाही’

चालतं. युनिकोड (सगळीकडं सारखं दिसणारं) मराठी उत्तम चालतं, मेनूसुद्धा मराठीत करता येतो. मग ही समजूत आली कुठून? दोन ठिकाणांहून. एक, जुन्या फाइली श्रीलिपीसारख्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये आहेत. त्या फाँटशिवाय त्या कुठल्याच ऑफिसमध्ये वाचता येणार नाहीत, एक्सेलमध्येही नाही. त्या एकदाच युनिकोडमध्ये बदलून घ्याव्या लागतात.

दुसरं कारण अगदी बारीक आहे. लिब्रेऑफिस इंग्रजी आणि देवनागरीचा फाँट आणि आकार वेगवेगळा धरतं. एचआरच्या मॅडम नोटीस लिहायच्या, आकार वाढवायच्या, मोठं फक्त इंग्रजी व्हायचं, मराठी तिथंच. त्यांनी रागानं मला बोलावलं. भाषेच्या सेटिंगमध्ये भारतीय लिपींसाठी असलेली खूण केली, मग अक्षराच्या खिडकीत देवनागरीसाठी वेगळा रकाना दिसायला लागला. तिथं फाँट आणि आकार ठरवून तो साचा म्हणून जतन करून दिला. दोन मिनिटं लागली. दिवाळी बोनसची नोटीस त्याच साच्यावर निघाली आणि गेटवरच्या बोर्डावर लांबूनही वाचता येत होती.