भाषा निवडणार कोण आणि निस्तरणार कोण?

साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आहे हो! ऊस भरून गाडी आली, वजन केलं, गव्हाणीवर रिकामी झाली, परत वजन केलं, पावती दिली. पुढे पंधरवड्याची बिलं. त्यासाठी रस्टसारखी प्रोग्रामिंगची भाषा?

आज अख्खी दुपार त्यात गेली. नवे सॉफ्टवेअर आर्किटेक्ट आले, लॅपटॉप जोडला आणि पहिल्याच स्लाइडवर रस्टचा लोगो. काटा कुठला, वजनाचा आकडा दाखवणारा इंडिकेटर कुठल्या कंपनीचा, नेट गेलं तर पावती कशी निघणार, यातलं काहीही विचारलं नाही. शेवटपर्यंत नाही. कारण काय दिलं, तर परफॉर्मन्स. मी तिथेच वहीत गणित मांडलं. कारखाना रोज पाच हजार टन गाळतो. एका गाडीत दहा ते वीस टन ऊस. म्हणजे फार तर पाचशे गाड्या आणि प्रत्येकीची दोन वजनं. चोवीस तासांत हजार नोंदी. मिनिटाला एकसुद्धा नाही! हे मोठ्याने वाचून दाखवलं, तर उत्तर मिळालं, "पण उद्या स्केल करायचं, म्हणजे व्याप वाढवायचा झाला तर?" काय स्केल करणार? दुसरा काटा बसवला तर दोन हजार होतील. ऊस काय ढगातून पडणार आहे?

मग डिस्कॉर्ड या चॅट ॲपची स्लाइड. ती येणारच होती, दर वेळी येते. डिस्कॉर्डने गो ही भाषा सोडून रस्ट घेतलं, 2020 मध्ये त्यावर लिहिलं, सगळं मान्य. पण ते पूर्ण वाचा ना! एका सर्व्हिसपुरती गोष्ट होती ती. लाखो वापरकर्त्यांच्या नोंदी कॅशमध्ये, म्हणजे हाताशी ठेवलेल्या मेमरीत होत्या आणि गोचा गार्बेज कलेक्टर, म्हणजे नको असलेली मेमरी साफ करणारी यंत्रणा, साधारण दर दोन मिनिटांनी झटका देत होता. त्यांनी मोजलं, कारण शोधलं, मग भाषा बदलली. आपण काय मोजलं? आपल्या काट्यावर सगळ्यात जास्त वेळ ट्रॉली हलायची थांबून आकडा स्थिर होण्यात जातो. तिथे कुठली भाषा काय करणार आहे?

रस्टशी माझं वैर नाही. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे गाभ्यात, डिसेंबर 2022 च्या 6.1 आवृत्तीपासून रस्टला जागा मिळाली आणि ती योग्यच मिळाली. मेमरीच्या चुका जिथे जिवावर उठतात तिथे ते हवंच. पण आमच्या टीममध्ये सगळे जावा या जुन्या भाषेत काम करणारे. सिरियल पोर्टवरून वजन वाचायचा कोड जावात तयार आहे, मागच्या कारखान्यात तो अख्खा हंगाम चाललाय. गळीत दिवाळीच्या आसपास सुरू होणार. तोवर पोरांनी रस्टच्या बॉरो चेकरशी, म्हणजे मेमरीचे नियम मोडले की कोड अडवणाऱ्या तपासनिसाशी, झगडत बसायचं की शेतकी विभागात जाऊन तोडणी-वाहतुकीचे दर समजून घ्यायचे? ते दर, त्या कपाती हंगामागणिक बदलतात. गुंतागुंत तिथे आहे, वेगात नाही.

आणि "जावा म्हातारी झाली" हे वाक्य मला परत ऐकायचं नाही. 1995 ची आहे, बरोबर. जावास्क्रिप्टसुद्धा 1995 चीच आहे, तिला कोणी म्हातारी म्हणत नाही. सप्टेंबर 2023 मध्ये जावा 21 आलं, त्यात एकाच वेळी हजारो कामं हलकेच चालवणारे व्हर्च्युअल थ्रेड्स आले. म्हातारी म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी जावा 8 च्या पुढचं काही उघडून पाहिलंय?

जावास्क्रिप्टचं नाव काढलंच आहे तर तेही होऊन जाऊ दे. मागे एका बिलिंगच्या कामाला नोड, म्हणजे सर्व्हरवर चालणारं जावास्क्रिप्ट, घेतलं होतं, "सगळीकडे एकच भाषा" या एका वाक्यावर. पैशांचा हिशेब साध्या नंबरमध्ये. 0.1 आणि 0.2 ची बेरीज 0.30000000000000004! जावाच्या डबल या दशांश आकड्यांच्या प्रकारातही हेच होतं, पण तिथे अचूक हिशेबासाठी बिगडेसिमल घरचं आहे. इथे बाहेरचं पॅकेज आणायचं, त्याची दहा पॅकेजेस अजून. मार्च 2016 मध्ये अकरा ओळींचं लेफ्ट-पॅड नावाचं असंच एक पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतल्यावर जगभरची बिल्ड कोसळली होती, त्यातून कोणी काही शिकलं? महिनाअखेरीला अकाउंट्सचे फोन आम्ही घेतले. नोड सुचवणारे तोवर पगारवाढ घेऊन दुसऱ्या कंपनीत गेले होते.

त्याच्याही आधी अँग्युलरजेएस, वेबच्या स्क्रीन बनवायचं जावास्क्रिप्टचं साधन. 2016 मध्ये नवं अँग्युलर आलं तेच मुळी जुन्याशी न जुळणारं. 2021 संपताना जुन्याचा सपोर्ट बंद. निवडणारे कुठे होते? नव्हतेच. स्क्रीन पुन्हा लिहिल्या त्या आम्ही.

मला राग याचा येतो. निवड होते ती निवडणाऱ्याच्या सीव्हीत काय चमकेल यावर. आता वर नवीन तुणतुणं, "एआय कोड लिहून देईल, भाषा कुठली का असेना." लिहून देईल, पण वाचणार कोण? कारखान्याच्या संगणक विभागात एक-दोन माणसं असतात, त्यांना जावा येते. ऊस घातल्यापासून 14 दिवसांत शेतकऱ्याला पैसे द्यायचे, असं 1966 चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो, उशीर झाला तर 15 टक्के व्याज. बिलातली चूक त्या दोन माणसांना सापडली पाहिजे, दुरुस्त करता आली पाहिजे, त्याच दिवशी. पुण्यातून रस्टवाला शोधून पाठवेपर्यंत कोणाला थांबायला सांगणार?

सोमवारी परत मीटिंग आहे. मी स्लाइड नेणार नाही. एकच गोष्ट मिनिट्समध्ये लिहून मागणार आहे: डिसेंबरात रात्री दोनला काटा बंद पडला, गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागली, तर पहिला फोन ज्याने भाषा निवडली त्याला जाईल. हंगाम संपेपर्यंत, आणि नोकरी बदलली तरी.