चेन पडते तेव्हा काय हलतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे आणि चिडूनही लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. सायकलला घरीच मोटर बसवल्यावर चेन का पडते, या माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोरा धरून लाईन, म्हणजे मोटरचं आणि चाकाचं दाती चक्र एका रेषेत आहे का, ते तपासलं, सरळ निघाली, तरी दुधाचे कॅन लादून चढ लागला की मोटरची चेन पडतेच. दोन चेन बदलून झाल्या. चेन सैल झाली की मागचं चाक ओढून घेता. शेवटी चेनच्या वरच्या बाजूला दाबणारा रोलर लावला, तेव्हा कुठे ती थांबली. म्हणून ‘हे पुस्तकी मोजमाप सोडा, रोलर लावा, नाहीतर सरळ मोटरसायकलची ४२८ चेन टाका’ असं तुम्ही इतरांना सांगितलं आहे.

रोलरचं आधी बोलतो, कारण ते वाचून मला खरोखर काळजी वाटली. मोटर पुढे आणि चाक मागे असतं तेव्हा मोटर चेनची वरची बाजू ओढते. भार सगळा वर, खालची बाजू सैल. वर रोलर दाबला की ॲक्सिलरेटर पिळल्याबरोबर चेन सरळ व्हायला बघते आणि तो सगळा जोर रोलरच्या क्लॅम्पवर येतो. तो क्लॅम्प गोल नळीवर नुसता आवळलेला असतो. कधीतरी तो नळीभोवती फिरेल, रोलर आऱ्यांत जाईल आणि मागचं चाक जागच्या जागी जाम होईल. मागून एसटी येत असताना हे झालं तर? दादा, तो रोलर आजच काढा. लावायचाच असेल तर खालच्या, सैल बाजूला लावा आणि क्लॅम्प फिरणार नाही अशी पक्की पट्टी देऊन लावा. पण आधी चेन का पडते ते सापडू द्या. रोलरने चेन पडायची थांबली, तरी जे हलत होतं ते अजून हलतंच आहे.

आता ४२८. तिचा पिच, म्हणजे लगतच्या दोन पिनांमधलं अंतर, आपल्या सायकलच्या चेनइतकाच, १२.७ मिमी, म्हणून ती बसेल असं वाटतं. पण सायकलच्या चेनच्या कडीतला छोटा रोलर (तुम्ही वरून लावलेला नव्हे) ७.७५ मिमी जाडीच्या आसपास, ४२८ चा ८.५१. तो दातांच्या खाचेत खोल बसतच नाही, जरा वरच राहतो. आणि ४२८ च्या आतली रुंदी जवळपास ८ मिमी, तर तुमच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे दाती चक्राचा, दात ३ मिमीच्या आतबाहेर. एवढ्या मोकळ्या जागेत चेन डावी-उजवी डोलत राहणार. पडणाऱ्या चेनवर हा उपाय होऊच शकत नाही. ४२८ घालायची तर दोन्ही स्प्रॉकेट तिचेच हवेत.

मुळात चेन कमजोर आहे हा समजच तपासून बघू. तुमची मोटर २४ व्होल्ट, २५० वॉटची, गिअरवाली, ९ दाती स्प्रॉकेटची. गिअरमधून बाहेर पडताना तिचे फेरे मिनिटाला ३२० च्या आसपास. हिशेब केला तर पूर्ण ताकदीने चालताना चेनवर साधारण ४० किलोची ओढ येते. चढावर थांबून पुन्हा निघताना ती दुप्पट-तिप्पट धरा. आणि ७० किलोचा माणूस चढावर पेडलवर उभा राहतो तेव्हा? पेडलची दांडी १७० मिमी, पुढचं चक्र ४४ दाती, म्हणजे पेडलच्या चेनवर १३० किलोच्या वर. तीच चेन आपल्याकडे गवताचे भारे आणि गॅसच्या टाक्या ओढत आली आहे. तुमचीही चेन तुटलेली नाही, पडली आहे. तुटणं आणि पडणं यांची कारणं वेगळी. चेन पडते तेव्हा भाराखाली काहीतरी जागचं हललेलं असतं.

म्हणूनच तुमचा दोरा सरळ निघाला. तो उभ्या सायकलवर, बिनभाराचा होता. लेखात त्यापुढची पायरी होती, भार देऊन बघण्याची, ती इथे नीट सांगतो. बॅटरी सोडवा. मोटरच्या दोन जाड वायरी कंट्रोलरपासून (मोटरला वीज सोडणाऱ्या डबीपासून) वेगळ्या करून एकमेकींना जोडा. अशी मोटर फिरवायला चांगलीच जड जाते. मग कॅन लादा आणि कुणाला तरी सायकल मागे ढकलायला सांगा, जरा हिसक्याने. उलट दिशेने फ्रीव्हील (मागच्या चाकावरचं, एकाच दिशेने मोकळं फिरणारं दाती चक्र) पकडतं, म्हणून चेनची तीच वरची बाजू ताणली जाते, जशी मोटर ओढताना ताणते. पेडलही उलटं फिरेल, पाय सांभाळा. तुम्ही मागे बसून फक्त मोटरकडे बघा, बोट चेनजवळ नेऊ नका. माझा अंदाज, मोटरचं तोंड चाकाकडे कलताना दिसेल. बहुतेक वेळा मोटर धरणारं ब्रॅकेट एकाच नळीला दोन बोल्टांनी धरलेलं असतं आणि पत्रा पातळ असतो. मोटर दोन-तीन मिमी जरी तिरपी झाली तरी ९ दाती स्प्रॉकेटवर चेन दाताच्या टोकावर चढते. त्यावर उपाय म्हणजे जाड पट्टी आणि दुसऱ्या नळीला तिरका आधार. वेल्डिंगवाल्याकडे काम फार मोठं नाही.

मोटर हलली नाही तर मागच्या चाकाचा एक्सल बघा. इथे तुमच्या चाक ओढून घेण्याच्या सवयीबद्दल बोलायलाच हवं. एका एक्सलवर दोन चेन आहेत, पेडलची आणि मोटरची. मोटरची चेन ताणायला चाक मागे घेतलंत की पेडलची बिघडते, मग एका बाजूचा नट जरा पुढे, आणि चाक तिरपं. चाक तिरपं झालं की दोन्ही लाईन गेल्या. चाक फक्त पेडलच्या चेनसाठी हलवायचं, मधोमध आणायचं, नट वायसरसकट घट्ट करायचे. त्यानंतर मोटरची चेन मोटर सरकवून ताणायची, चाकाला हात न लावता. ब्रॅकेटला लांबट भोकं नसतील तर कानसीने करून घ्या.

ताण किती? चाक हळूहळू फिरवा. चेन एका जागी जास्त ताठ लागेल, कारण फ्रीव्हील क्वचितच अगदी गोल फिरतं. त्या ताठ जागी मधोमध १०-१२ मिमी वर-खाली होऊ द्या. सैल जागी ताण लावलात तर ताठ जागी बेअरिंग आवळली जाते.

राहिल्या तुमच्या दोन नव्या चेन. मोटरचं ९ दाती स्प्रॉकेट बदललंत का? प्रतिक्रियेत तसा उल्लेख नाही. इतक्या छोट्या स्प्रॉकेटवर प्रत्येक कडी ४० अंशात वळते, ४४ दाती चक्रावर जेमतेम ८. झीज तिथेच सगळ्यात जास्त. दात आकड्यासारखे वळलेले दिसले तर नवी चेन त्यावर नीट बसणारच नाही, भार आला की उडी मारेल. जुन्या चेनही फेकल्या नसतील तर मोजा: २४ कड्यांची लांबी नव्या चेनमध्ये ३०४.८ मिमी असते, ३०८ च्या जवळ गेली असेल तर ती संपली. तशी नसेल तर तुम्ही चांगली चेन काढून टाकलीत. चेन लॉकची (चेनची दोन टोकं जोडणाऱ्या क्लिपची) बंद बाजू चेन धावते त्या दिशेला आहे ना, तेही बघून घ्या.

आधी रोलर काढा, मग मागे ढकलून बघा, आणि काय हलताना दिसलं ते कळवा. ब्रॅकेटचा बाजूने आणि मागून असे दोन फोटो पाठवलेत तर आधार कुठे द्यायचा ते रेघ मारून दाखवतो. तोवर कॅन लादून निघताना चढावर आधी पेडल मारा, सायकल हलली की मगच ॲक्सिलरेटर द्या.