‘सिरॅमिक उष्णता अडवतं’ हा मेसेज चुकीचा आहे

रिपेअरिंगवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘लॅपटॉप आणि चार्जरमधला पांढरा लेप सिरॅमिकचा असतो. सिरॅमिक म्हणजे चिनीमाती, ती उष्णता अडवते. कंपन्या पैसे वाचवायला तो वापरतात. तो खरवडून चांदीचा लेप लावा, आणि जाडसर लावा.’ हा लेप तापणारी चिप आणि तिची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा (हीटसिंक) यांच्यामध्ये असतो. हे वाचून लोक खरोखर चार्जर उघडायला लागलेत, म्हणून लिहितोय.

आधी चिनीमातीचं. कपाच्या चिनीमातीची उष्णतावाहकता जेमतेम दीड वॅट प्रति मीटर-केल्व्हिन, हे खरं. पण लेपात कपाचा चुरा नसतो. बहुतेकदा ॲल्युमिना असतो, त्याचा आकडा 30 च्या आसपास. चांगल्या ॲल्युमिनियम नायट्राइडचा 170 च्या पुढे जातो, म्हणजे साध्या पोलादाच्या तिप्पट. या सिरॅमिकांत मोकळे इलेक्ट्रॉन नसतात म्हणून वीज जात नाही. उष्णता मात्र स्फटिकातल्या अणूंच्या थरथरीवर पुढे सरकते.

आता चांदी. तिचा आकडा 400 च्या वर, तेव्हा लेपही दहापट सरस असणार असं वाटतं. खरी गफलत इथे आहे. कण ज्यात कालवतात त्या सिलिकॉनचा (चिपमधलं नव्हे, तेलासारखं चिकट) आकडा असतो 0.2. त्यात आकारमानाने 30 टक्के कण सुटे विखुरले, तर मिश्रणाची वाहकता काढायच्या मॅक्सवेलच्या सूत्राने ॲल्युमिनाचं मिश्रण 0.45 वर पोचतं आणि चांदीचं 0.46 वर. बस्स, एवढाच फरक! कारण प्रत्येक दोन कणांमध्ये सिलिकॉन आडवं येतं. सुधारणा होते ती कण दाटीने बसून एकमेकांना टेकले की. काँक्रीटमध्ये खडीच्या फटीत कच आणि कचीच्या फटीत वाळू बसते, तसे मोठे, मधले, बारीक कण मापून मिसळावे लागतात. कणांवर सिलेन या रसायनाचा हात फिरवावा लागतो, नाहीतर एवढी भुकटी घातल्यावर लेप पसरतच नाही. ॲल्युमिनियम नायट्राइडची भुकटी ओल लागली की अमोनिया सोडत खराब होते, तिला वेगळं आवरण द्यावं लागतं. या कष्टांना ‘पैसे वाचवणं’ म्हणणं मला पटत नाही.

चार्जरमध्ये तर हा सल्ला जिवावर बेतू शकतो. 230 व्होल्टची वीज डीसी झाली की सुमारे 325 व्होल्ट होते, आणि मॉस्फेटच्या (वीज चालू-बंद करणाऱ्या चिपच्या) पाठीवरच्या धातूपर्यंत ती पोचलेली असते. तो धातू आणि हीटसिंक यांच्यामध्ये असते ती पांढरी किंवा करडी रबरी पट्टी. उष्णता सोडायची, वीज अडवायची, ही दोन्ही कामं तिचीच. ती काढून तिथे धातूचा लेप भरला तर हीटसिंकलाच करंट येईल.

जाडसर थराचं थोडक्यात. पेस्टने, म्हणजे या लेपाने, फक्त दोन पृष्ठभागांमधली हवा हाकलायची असते. थर दुप्पट जाड केला की त्याचा अडथळाही दुप्पट.

लॅपटॉपच्या प्रोसेसरवरची पेस्ट वाळून पापुद्रे धरले असतील तर जरूर बदला. जुनी पूर्ण पुसा, मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका ठेवा, हीटसिंक सरळ दाबा आणि स्क्रू तिरप्या जोड्यांनी आवळा. आजूबाजूच्या चिपांवर जाड पट्ट्या असतील तर त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, त्याच जाडीच्या पट्ट्या आणा.