डॉक्टरसाहेब, टॉवेल मोजले होते का?

नमस्कार डॉक्टरसाहेब, उत्तराला चार दिवस लागले, रागावलो वगैरे नाही, कोर्टाच्या तारखा होत्या. माझ्या पोस्टमध्ये मी लिहिलं होतं की पोटात टॉवेल राहण्यासारखी उघड चूक दिसली तर कोर्टाने निष्काळजीपणा गृहीत धरावा आणि खुलासा डॉक्टरने द्यावा. त्यावर तुमचं म्हणणं असं की "चूक गृहीत धरा" म्हणजे डॉक्टरला आधीच आरोपी करून टाकणं, मग उद्या नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या खाजगी दवाखान्यांत सिरीयस पेशंटला कोणी हात लावणार नाही, सगळे रात्री बारा वाजता सरकारी मेडिकलला रेफर.

एक कबूल करतो, माझं हेडिंग भडक होतं. "डॉक्टरनेच सिद्ध करावं" असं सरसकट लिहायला नको होतं. पेशंट दगावला किंवा ऑपरेशन फेल गेलं एवढ्यावरून कोर्ट काही गृहीत धरत नाही, आणि धरूही नये.

पण औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यातली १९६३ची केस बघा ना. बाळंतपणानंतर नसबंदीचं ऑपरेशन झालं, दुखणं थांबेना, पुन्हा पोट उघडलं तर आत टॉवेल! बाई वाचली नाही. नवऱ्याला न्याय मिळाला सुप्रीम कोर्टात, तोही १९९६ला. आता सांगा, आत टॉवेल कोणी मोजले, कोणी नाही, हे त्या माणसाने कुठून सिद्ध करायचं? तो बिचारा ऑपरेशन थिएटरबाहेर बाकड्यावर बसलेला. अशा ठिकाणी कोर्ट फक्त एवढंच म्हणते की आता तुम्ही बोला, आणि तुमच्याकडे पटण्यासारखा खुलासा असला तर ते गृहीत तिथंच गळून पडते. २००४ला सविता गर्ग केसमध्ये सुप्रीम कोर्टाने हॉस्पिटलबद्दल हेच म्हटलं, कारण रेकॉर्ड तुमच्या कपाटात असते जी, आमच्या नाही.

रेकॉर्डवरून आठवलं. २००२च्या मेडिकल कौन्सिलच्या नियमात मागितल्यावर ७२ तासांत कागद द्या असं आहे. माझ्या मावशीच्या वेळी आम्ही दीड महिना चकरा मारल्या, आणि मिळाले तेव्हा आठ दिवसांच्या नोंदी एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारख्या. नाव घेत नाही, पण तेव्हापासून मी "डॉक्टरवर विश्वास ठेवा" हे वाक्य जरा जपूनच ऐकतो.

जेलची भीती मात्र यात आणू नका. २००५च्या जेकब मॅथ्यू निकालाने सांगितलं की हे गृहीतक दिवाणी बाजूचं, म्हणजे नुकसानभरपाईच्या दाव्यातलं, फौजदारीत घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. तिथं तर ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामा निघाल्याची तक्रार होती, तरी डॉक्टरांवरचा खटला रद्द झाला.

निदान चुकलं तरी चूक गृहीत धरायची का, हा तुमचा मलेरियाचा मुद्दा मला खरंच टोचला. २०१०च्या हैदराबादच्या केसमध्ये मलेरियाच्या पेशंटवर टायफॉइडची ट्रीटमेंट झाली आणि कोर्ट म्हणालं इथं तज्ज्ञाची साक्ष लागत नाही. निकाल बरोबरच वाटतो, पण निदान चुकणं आणि पोटात टॉवेल राहणं एका तराजूत तोलायला माझंही मन धजत नाही, तापाचं पहिल्या दिवशी कोणाला कळते.

हेडिंग आज रात्री बदलतो. तुमच्या ऑपरेशन थिएटरमधल्या स्वॅब-काउंट शीटचा (टॉवेल, बोळे मोजून लिहायच्या कागदाचा) एक कोरा नमुना पाठवा, पोस्टमध्ये लावतो, लोकांना कळू तर द्या काय मागायचं ते.