खुलासा : विभावरी शिरूरकर शिरोड्याच्या नव्हेत

गोव्यात फोंडा, डिचोलीकडच्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप गटांत सध्या एक मजकूर फिरतोय : ‘विभावरी शिरूरकर आमच्या शिरोड्याच्या, खरं आडनाव शिरोडकर.’ हे चूक आहे.

विभावरी शिरूरकर हे लेखिकेचं टोपणनाव. त्या मूळच्या बाळूताई खरे, पुणे जिल्ह्यातल्या घोडनदीच्या. घोडनदी म्हणजेच शिरूर, त्यावरून शिरूरकर. शिक्षण महर्षी कर्व्यांच्या संस्थेत झालं, पुढे मुलींच्या शाळेत शिकवलं. लग्नानंतर त्या मालती बेडेकर झाल्या. १९३३ साली त्यांचं ‘कळ्यांचे निःश्वास’ हे पुस्तक आलं. शिकलेल्या, कमावत्या, पण लग्न न झालेल्या मुलींची घुसमट त्यात इतकी उघड मांडली होती की मोठं वादळ उठलं. त्या काळात टोपणनाव ही गरज होती, हौस नव्हे. ‘बळी’ (१९५०) मागे ब्रिटिशांनी ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या वसाहतीत केलेल्या नोकरीचा अनुभव आहे. मला ती त्यांची सगळ्यांत धीट कादंबरी वाटते.

घोटाळा बहुधा वि. स. खांडेकरांमुळे झाला असावा. ते शिरोड्यात शिक्षक होते, पण ते शिरोडं गोव्यातलं नव्हे, तेरेखोल नदीपलीकडचं, वेंगुर्ले तालुक्यातलं.

आपल्या गावाचा अभिमान मलाही आहे. पण या बाईंना आधीच एकदा नाव लपवावं लागलं होतं. आता तरी त्यांचं खरं नाव-गाव त्यांच्याकडेच राहू द्या, आणि तो मजकूर पुढे पाठवू नका.