केबिन कुठली, डिस्चार्ज डेस्क!
हॉस्पिटल मॅनेजमेंटमध्ये मास्टर्स केलं की थेट मॅनेजरची केबिन, असं एका लेखात वाचलं... अहो कुठे? मी फिजिओथेरपीनंतर एमएचए (म्हणजे हेच हॉस्पिटलचं मास्टर्स) केलं आणि पहिलं दीड वर्ष दादरजवळच्या एका हॉस्पिटलात डिस्चार्ज डेस्कवर उभी होते. सकाळी डॉक्टर राऊंडला "आज घरी जा" सांगून जातात, नातेवाईक बॅगा भरून बसतात, मग उरलेली औषधं फार्मसीला परत, डिस्चार्ज समरी टाइप होणार, बिल, त्यात टीपीएची (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारे) क्वेरी, आणि पाच वाजले की सगळ्यांच्या शिव्या आम्हाला. २०२४ मध्ये विमा नियामक आयआरडीएआयने डिस्चार्जच्या वेळी कॅशलेसची फायनल मंजुरी ३ तासांत द्या म्हणून सांगितलं खरं, पण आमच्याकडून फाईलच चारला गेली तर घड्याळ चारलाच सुरू होणार ना! क्युइंग थिअरी, म्हणजे रांगांचं गणित, वर्गात डोक्यावरून गेलेली, ती इथे कळली. देवनारला टिसमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) २ वर्षांचं एमएचए आहे, जमलं तर तिकडे ट्राय करा. प्रायव्हेटला लाखो भरण्याआधी इंटर्नशिप कुठे, एनएबीएचच्या (हॉस्पिटलच्या दर्जाचं मानांकन) तयारीत हात घालू देतात का, एवढं तरी विचारा, नुसते ब्लेझर घालून फोटो काढणारी कॉलेजं ढीगभर आहेत. आणि डोंबिवलीहून सकाळची सातची शिफ्ट गाठायची असते, त्यावर त्या लेखात एक ओळ नाही 😅