आदामाच्या आधी बेडूकही मरत नव्हता?

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार ठिकाणांहून आला. आधी घरच्या ग्रुपवर, मग खारघरच्या मामेभावाकडून, मग चेंदणीच्या शेजारणीकडून, आणि शेवटी प्रार्थना मंडळाच्या ग्रुपवर. त्यात चार दावे. एक, आदामाने पाप करेपर्यंत जगात काहीच मरत नव्हतं, मुंगीसुद्धा. दोन, देवाने आदामाला अमर घडवलं होतं. तीन, पहिल्या शतकापासून सगळे ख्रिस्ती हेच मानत आले, पुढे डार्विनला घाबरून काहींनी पलटी मारली. चार, म्हणून प्रत्येक आजाराच्या आणि अकाली मरणाच्या मागे कुठलं तरी पाप असतंच. खाली हात जोडलेले आणि ‘दहा जणांना पाठवा’.

एरवी मी असल्या गोष्टी पुसून टाकतो. चौथ्या दाव्याने तसं करू दिलं नाही.

मुंगीपासून सुरू करू. आधार दिलाय बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातल्या बाराव्या वचनाचा. एका माणसाद्वारे पाप जगात आलं, पापाद्वारे मरण आलं, आणि ते सर्व माणसांत पसरलं. माणसांत. ते पत्र लिहिणाऱ्या पौलाला तिथे आदामासमोर ख्रिस्ताला उभं करायचंय, मुंगी त्याच्या ध्यानीमनीही नाही. बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायात देव प्राण्यांना हिरवा पाला अन्न म्हणून देतो, हा त्यांच्या बाजूचा खरा भक्कम पुरावा. गंमत म्हणजे मेसेजमध्ये नेमका तोच नाही! पण मग १०४ वं स्तोत्रही वाचावं लागेल. तिथे सिंह भक्ष्यासाठी गर्जना करतात आणि आपलं अन्न देवाजवळ मागतात, आणि ते सगळं स्तोत्र निर्मितीचं कौतुक आहे.

ठाण्याहून दिव्याकडे जाणारी फास्ट लोकल २०२२ पर्यंत पारसिकच्या ज्या बोगद्यात शिरायची, तो डोंगर दख्खनच्या काळ्या दगडाचा. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा लाव्हा. अशाच थरांच्या मध्ये अडकलेल्या गाळात वरळीला चिमुकल्या बेडकांचे जीवाश्म सापडले आणि इंग्लिश जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ साली त्यांचं वर्णन केलं. डार्विनचं पुस्तक यायला अजून बारा वर्षं होती. त्या बेडकांचं मरण आदामाच्या खात्यावर टाकायचं असेल तर टाका, पण पौलाची सही त्यावर घेऊ नका.

आता आदामाचं अमरपण. ज्या दिवशी फळ खाशील त्या दिवशी मरशील, असं देव सांगतो. आदाम गेला ९३० व्या वर्षी. म्हणून अगदी सुरुवातीपासून भाष्यकारांना इथे थांबावं लागलं. कुणी म्हणालं, त्या दिवशी मेलं ते देवाशी असलेलं नातं. कुणी म्हणालं, त्या दिवसापासून तो मरणाच्या वाटेला लागला. आणि जन्मतः अमर असलेल्याला बागेत जीवनाचं झाड कशाला हवं? दुसऱ्या शतकातला अंत्युखियाचा बिशप थिओफिलस सरळ म्हणतो की माणूस मर्त्यही घडवला नव्हता आणि अमरही नाही, दोन्हींकडे जाऊ शकेल असा होता. चौथ्या-पाचव्या शतकातल्या धर्मपंडित ऑगस्टिनने लॅटिनमध्ये यावर सुंदर शब्दखेळ केलाय: ‘पोस्से नॉन मोरी’ म्हणजे न मरणं शक्य, आणि ‘नॉन पोस्से मोरी’ म्हणजे मरणंच अशक्य. आदामाकडे पहिलं होतं. दुसरं स्वर्गात मिळायचंय.

राखेच्या बुधवारी तलावपाळीच्या चर्चमध्ये रांगेत उभं राहिलं की फादरांचा काळा पडलेला अंगठा कपाळाला लागतो. थोडी राख चष्म्यावर सांडते आणि कानावर येतं, ‘तू माती आहेस आणि मातीत परत जाशील.’ देवाने माणूस मातीचा घडवला तो उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात. पाप येतं तिसऱ्यात.

पण आमच्याच ग्रुपवर एकाने उलट टोक गाठलं: ‘शरीराच्या मरणाचा पापाशी संबंधच नाही, ते फक्त आत्मिक मरण.’ हेही चालणार नाही. पाप केलं नसतं तरी आदाम मेलाच असता, असं सेलेस्टियस म्हणत होता; आदामाचं पाप आपल्यात उतरत नाही म्हणणाऱ्या पेलागियसचा हा साथीदार. ४१८ च्या कार्थेजच्या धर्मसभेने ते मत धिक्कारलं, आणि १५४६ साली ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेनेही मरण आदामाच्या पापाशीच जोडलं. आजची कॅथलिक धर्मशिकवण म्हणते, माणूस स्वभावाने मर्त्य, पण देवाने त्याला मरणासाठी नेमलेलं नव्हतं.

‘सगळे ख्रिस्ती’ या शब्दांवर फार वेळ घालवत नाही. तेराव्या शतकात कॅथलिक धर्मपंडित थॉमस अक्वायनस लिहून गेला की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, आज मांस खाणारे सिंह आणि ससाणे तेव्हा गवतावर जगले असते हे पटत नाही. त्याला कुठला डार्विन धमकावत होता? उलट मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली अठराव्या शतकात प्राण्यांचं दुःखही आदामाच्या पापात पडण्याशीच जोडत होता. आणि रोमकरांस पत्राच्या त्याच बाराव्या वचनातल्या ‘एफ हो’ (साधारण ‘कारण’) या दोन ग्रीक शब्दांवरही मतं फुटली. लॅटिन भाषांतरात त्यांचं ‘ज्याच्या ठायी’ झालं, म्हणून ऑगस्टिनने आदामामध्ये सगळ्यांनी पाप केलं असं वाचलं. पूर्वेकडची ऑर्थोडॉक्स परंपरा म्हणते, आदामाकडून आपल्याकडे मरण आलं, त्याचा गुन्हा नव्हे.

आता चौथा. माझ्या मावशीचं आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. एका हाताला सुया, तो हलवायचा नाही, म्हणून दुसऱ्या हाताने फोन पुढे करून तिने मला हाच मेसेज दाखवला आणि विचारलं, “बाळा, मी काय केलं असेल रे?”

योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात येशूचे शिष्य हेच विचारतात, हा आंधळा जन्मला ते कुणाच्या पापाने, त्याच्या की आईबापांच्या? येशू म्हणतो, याच्याही नाही, त्यांच्याही नाही. लूकच्या तेराव्यात शिलोहचा बुरूज कोसळून अठरा माणसं मरतात. ते यरुशलेममधल्या इतरांपेक्षा जास्त पापी होते का? नाही, असं येशू स्वच्छ सांगतो, आणि लगेच ऐकणाऱ्यांनाच पश्चात्ताप करायला लावतो. पाप आणि आजार बायबलमध्ये कुठेच जोडलेले नाहीत असं मी म्हणत नाही, करिंथकरांना पौलाने तसं सुनावलंय. पण ते त्याने एका मंडळीला तिच्या ठरावीक वागण्याबद्दल सुनावलं. खाटेवरच्या प्रत्येकासाठी काढलेलं सर्टिफिकेट नाही ते.

हे सगळं मी तिला मशीनच्या आवाजात वाचून दाखवलं. बुरुजापाशी तिने मला थांबवलं. तिला शिळफाट्याची इमारत आठवली, २०१३ च्या एप्रिलमधली. सत्तराहून जास्त माणसं ढिगाऱ्याखाली गेली होती.

“तेव्हा कुणी मेलेल्यांची पापं मोजली नाहीत,” ती म्हणाली. “बिल्डरला शोधत होते.”

मग फोन माझ्या हातात देऊन म्हणाली, “ते लूकचं खारघरला पाठव. आणि चष्मा पूस, राख आहे.”